मुळशीचे पाणी आणि मुळशीचे कागद

सेनापती बापट हे नाव काढले की आमच्या सीमाभागातल्या माणसाला १९६६ साल आठवते. पंच्याऐंशी वर्षांचा हा वृद्ध माणूस बेळगाव-कारवार-निपाणीसाठी मुंबईत उपोषणाला बसला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला. आयोगाने पुढे काय केले ते इथल्या घराघरात पाठ आहे. निपाणी-खानापूर महाराष्ट्राला द्यावे म्हटले, बेळगाव कर्नाटकात ठेवले, आणि त्यातले काहीच अमलात आले नाही. पण बापटांना ‘सेनापती’ ही पदवी सीमालढ्याने दिलेली नाही. ती पंचेचाळीस वर्षे आधीची. ती दिली मुळशीच्या मावळ्यांनी, आणि तो लढा होता विजेचा.

हा जुना इतिहास मी पुन्हा काढून बसलो त्याला कारण आमचा रस्ता. कोगनोळीच्या टोलनाक्यावरून पवनचक्क्यांची पाती घेऊन जाणारे ट्रेलर सरकताना दिसतात. एकेक पाते इतके लांब की ट्रेलर वळवायला पुढे-मागे माणसे धावत असतात. चहाच्या गाडीवर थांबलेली माणसे विचारतात, हे चालले कुठे? कुणाच्या रानात उभे राहणार? कुणी म्हणते गदगकडे, कुणी म्हणते साताऱ्याकडे. ड्रायव्हरला पत्ता ठाऊक असतो, गावाला नसतो. पलीकडे महाराष्ट्रात गावोगावच्या गायरानांवर सौर पट्ट्या बसवायची योजना २०२३ पासून जोरात आहे, आणि कितीतरी गावांनी ‘आमची गुरे कुठे न्यायची?’ म्हणून तिला अडवले आहे. अशा गावांना ताबडतोब ‘विकासविरोधी’ म्हटले जाते. हा शब्द नवा नाही. मुळशीकरांनी तो १९२१ सालीच ऐकला होता.

धरणाची वीज आणि पवनचक्कीची वीज एका पंक्तीत कशी बसवता, असे कुणी विचारील. केंद्र सरकारनेच ती बसवली आहे. मार्च २०१९ मध्ये मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेत गणायचे ठरले. त्या हिशेबाने मुळशीचा लढा हा नवीकरणीय ऊर्जेच्या प्रकल्पाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेला फार जुना लढा ठरतो. राजेंद्र व्होरा यांचा त्यावरचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला, त्याच्या नावातच ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ असल्याचे म्हटले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. घाटमाथ्यावर पाऊस अफाट, आणि सह्याद्रीची भिंत कोकणात एकदम पाचशे मीटर खाली कोसळते. पूर्वेला वाहणारे पाणी अडवून, डोंगर फोडून पश्चिमेला सोडले की वीज तयार. टाटांची पहिली योजना लोणावळ्याची. तिचे काम १९११ साली सुरू झाले आणि १९१५ साली खोपोलीहून मुंबईला वीज गेली. दुसरी आंध्र खोऱ्याची, तिची वीज भिवपुरीहून १९२२ साली सुरू झाली. तिसरी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळची, म्हणजे मुळशीची. तीत पन्नासच्या आसपास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे जाणार होती. जमीन उत्तम भाताची, आंबेमोहोराची.

या माणसांना ही बातमी कशी कळली? कुणी सभा घेतली नाही, कुणी नकाशा दाखवला नाही. शेतात चाचणीचे खड्डे खणायला माणसे आली तेव्हा कळली. विचारल्याशिवाय रान का खणता म्हणून एक मावळा आडवा गेला, तर गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखले, अशी हकीकत मुळशीच्या इतिहासात नोंदली गेली आहे. मला वाटते सगळी चळवळ त्या एका खड्ड्यात दिसते. बापजाद्यांच्या बांधावर परका माणूस कुदळ घेऊन उभा, त्याच्या खिशात नकाशा आहे, आणि बांधाच्या मालकाला त्या नकाशात आपले शेत पाण्याखाली गेलेले आहे याचा पत्ता नाही.

रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ रोजी, बाराशेच्या आसपास माणसे धरणाच्या जागेवर जाऊन बसली. बायका होत्या, पोरे होती. काम बंद पडले. मारहाण नाही, मोडतोड नाही, नुसते बसणे. आमच्याकडे १९८१ साली तंबाखूवाले याच पुणे-बंगळूर रस्त्यावर निपाणीला ठाण मांडून बसले होते. ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना या बसण्याचे वजन सांगायला नको. कंपनीने काही महिने काम थांबवले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना उद्देशून लिहिले. एका जरी गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळणार असतील तर या योजनेच्या साऱ्या फायद्यांची किंमत काय, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा खोऱ्यात घुमू लागली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी उतरली, आणि पारनेरचा, एडिंबरोला शिकून आलेला, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवलेला पांडुरंग महादेव बापट शांततेच्या सत्याग्रहात तुरुंगाच्या वाऱ्या करू लागला.

आता कायद्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथे आहे. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. या कायद्यात कंपनीसाठी जमीन घ्यायची झाली तर कंपनी आणि सरकार यांनी करार करायचा, तो राजपत्रात छापायचा, आणि मग सरकारने जमीन घेऊन कंपनीला द्यायची, अशी तजवीज होती. करारात दोन बाजू. ज्याची जमीन जाणार तो तिसरा, आणि तिसऱ्याची सही कुठेच नाही. ‘सार्वजनिक काम’ कशाला म्हणायचे ते सरकार ठरवणार आणि त्याचा शब्द शेवटचा. आज वाचताना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट म्हणजे, ‘माझी जमीन घेऊच नका’ अशी हरकत ऐकून घेण्याचे कलमच १९२१ साली या कायद्यात नव्हते. हरकत घ्यायची ती फक्त मोबदल्याच्या आकड्यावर. हरकतींची सुनावणी करणारे ५-अ कलम घातले गेले १९२३ साली. तोवर मुळशीची बाजू जवळजवळ हरलेली होती. म्हणजे १९२१ च्या रामनवमीला जी बाराशे माणसे दगडधोंड्यांत जाऊन बसली, त्यांना आपले म्हणणे मांडायला दुसरी जागाच कायद्याने ठेवलेली नव्हती.

मुळशीची गोष्ट सांगताना एक भाग बहुतेक वक्ते गिळून टाकतात. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. कसणारा मावळा, कागदावर नाव सावकाराचे. सुरुवातीला पुण्यातली पुढारी मंडळी आवेशाने उतरली. मोबदल्याचे आकडे दिसू लागल्यावर सावकारांचा सूर पालटला. जमीन जाणारच आहे तर पैसे चांगले घेऊ, हा त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबरही होता. पण मोबदला कागदाला मिळतो, नांगराला मिळत नाही. चळवळ दुभंगली ती इथे. सरकारने दडपली हे खरेच, पण आतून पोखरली नसती तर इतक्या लवकर बसली नसती असे माझे मत आहे. आज कराराने जमिनी दिल्या-घेतल्या जातात तेव्हाही कूळ, वाटेकरी आणि गुराखी यांना कुणी विचारत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी रुळांवर दगड रचून अडवली, पिस्तूल चालवले, आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. तीन वर्षे शांतपणे बसून ऐकून घेणारा कुणी न भेटल्यावर त्यांनी हे केले. ते योग्य की अयोग्य यावर वाद घालणारे घालोत. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. पाणी कुंडलिकेत, वीज मुंबईत, आणि माणसे वाट फुटेल तिकडे. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला १९७६ साल उजाडले. तोवर कोयनाही भरून गेले होते.

आता आजच्याकडे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने कोणत्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागेल, कोणत्याला जनसुनावणी, याची यादी केली. पंचवीस मेगावॅटचे आणि त्याहून मोठे जलविद्युत प्रकल्प त्या यादीत आहेत. पवनचक्क्या आणि सौर पट्ट्या यादीतच नाहीत. त्यांचा धूर निघत नाही, म्हणून सुनावणीही नको, असा हा न्याय. शिवाय जमीन विकत वा संपादनाने न घेता भाड्याने घेतली की २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातली संमतीची आणि सामाजिक परिणामांच्या तपासणीची कलमेही बाजूला राहतात. मुळशीच्या मावळ्याला सुनावणी नव्हती ती परका राजा होता म्हणून, असे आपण म्हणत आलो.

भीमाशंकरच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांनी यातली गोम दाखवून दिली. वारा डोंगरमाथ्यावर असतो. तिथे अवजड पाती चढवायची म्हणजे रुंद रस्ते कापायचे, झाडी तोडायची, आणि राडारोडा उतारावर ढकलायचा. पावसाळ्यात तो ओढ्यांत आणि भातखाचरांत येतो. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाच्या अहवालात या प्रकाराची दखल घेतली. आता या अहवालाचेच काय झाले पाहा. समितीने तो ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला दिला, आणि सरकारने तो कपाटात ठेवला. घाटातल्या लोकांच्या जगण्याविषयीचा अहवाल घाटातल्या लोकांना वाचायला मिळेना. माहितीच्या अधिकारात अर्ज झाला. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो खुला करा असा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोवर अहवालात काय आहे याच्या अफवा मात्र खेडोपाडी पोचल्या होत्या, आणि अफवेने बिथरलेल्या माणसाला नंतर अहवाल दाखवून उपयोग होत नाही. मला हा प्रसंग चाचणीच्या खड्ड्याचा सख्खा भाऊ वाटतो.

आपल्या भागात या सगळ्याला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यामुंबईच्या लेखकांच्या ध्यानात येत नाही. कागद मिळाला तरी तो कोणत्या भाषेत? आमच्या वडिलांच्या वेळचे उतारे मराठीत, त्याआधीचे काही मोडीत. संगणक आल्यापासून उतारा कन्नडात. मी एका कचेरीत एका प्रकल्पाच्या नोटिशीची नक्कल मागितली होती. ती मिळाली, तीन पाने, आणि ती वाचून घ्यायला मला नातवाला शाळेतून येईपर्यंत थांबावे लागले. तो कन्नड माध्यमात शिकतो. नातवाने शब्द वाचले, सर्व्हे नंबर मला कळले, आणि मधले कायद्याचे कन्नड आम्हा दोघांनाही कळले नाही. शेजारच्या कन्नड मास्तरांनी ते समजावून दिले तेव्हा म्हणाले, ‘काका, हे आमच्या माणसांनाही कळत नाही.’ म्हणून हे भांडण कन्नडशी नाही.

१९५६ च्या केंद्राच्या निवेदनानुसार ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघायला हव्यात. २०१३ चा कायदा म्हणतो की भूसंपादनाची सूचना ग्रामपंचायतीत ‘स्थानिक भाषेत’ लावावी. कोगनोळीची स्थानिक भाषा कोणती, हे चावडीसमोरच्या पारावर पाच मिनिटे बसून कुणीही सांगील. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही माहिती पसरवताना स्थानिक भाषेचा विचार करा म्हणतो. पण त्याच कायद्यातला अर्ज करायचा तर तो इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत. म्हणजे आम्ही कन्नडात लिहायचे. उलट संविधानाचे ३५० वे कलम सांगते की गाऱ्हाणे मात्र राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत घालता येईल. तेव्हा सध्याची व्यवस्था अशी, की कोगनोळीच्या माणसाला माहिती विचारायची झाली तर मराठी चालत नाही, आणि जमीन गेल्यावर रडायचे झाले तर चालते.