घोडकाठची पांढरी

मंडळी, शिरूर-दौंडकडे पाहुणा आला, की आपण त्याला काय दाखवतो? रांजणगावचा महागणपती, वढू बुद्रुकची संभाजीराजांची समाधी; दौंडकडून भीमा ओलांडली, की सिद्धटेक नि पेडगावचा किल्ला. ही स्थळे मोलाचीच. पण शिरूर तालुक्यातच असे एक ठिकाण आहे, की जिथे ना शिखर, ना बुरूज. घोड नदीच्या काठची नुसती पांढरीची टेकाडे! गाव इनामगाव.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ही पांढरी उकरली. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. अन्सारी यांच्या देखरेखीखाली शंभराहून अधिक घरे उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षे नांदलेले हे गाव. राजा नाही, शिलालेख नाही. हा इतिहास शेतकऱ्यांचाच, बरं का!

कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, घरात चूल. शेतात मुख्य पीक सातूचे. पुराचे पाणी वळवायला त्यांनी पाट खोदला, बांध घातला. धान्याचे कोठार होते, आणि त्याला लागूनच पाच खोल्यांचे मोठे घर. गावच्या म्होरक्याचे असावे.

मूल दगावले, तर दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यात ते ठेवीत आणि घरातच जमिनीखाली पुरीत. आईच्या पायाखालीच म्हणा ना! मोठ्या माणसांना पुरताना मात्र पावले घोट्यापाशी तोडीत. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून? तर्कच करायचा. एक माणूस तेवढा पावलांसकट सापडला, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला.

पुढे इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास पाऊस हटला, असे उत्खनन करणारांचे मत. चौकोनी ऐसपैस घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली. शेवटी गाव उठले. अवर्षण काय करते, ते शिरूरकरांना मी काय सांगावे?

गुरुजी, मुलांना घेऊन जाल, तर आधी पुण्यात डेक्कन कॉलेजचे संग्रहालय दाखवा. मग टेकाडावर न्या. तिथे काळ्या रेघांचे तांबडे खापर दिसले, तर मुलांना ते जागीच पाहू द्या. खिशात घालून आणले, की ते नुसते खापर उरते.