नागपूर विद्यापीठातील पदवी विद्यार्थ्यांचे शैक्षणिक मार्गदर्शन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पदवीच्या विद्यार्थ्याने कोणते विषय निवडावेत, हे त्याला कोणी व केव्हा सांगावे, हा प्रश्न विद्यापीठाच्या रचनेशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात नागपूरच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी :
नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये, तर मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले. त्या काळी परीक्षा घेणारी विद्यापीठे दूर, कोलकाता व नंतर अलाहाबाद येथे होती. त्यामुळे अभ्यासक्रम ठरविणारी संस्था आणि विद्यार्थ्यास ओळखणारा शिक्षक यांत प्रारंभापासूनच अंतर राहिले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सहा महाविद्यालये व ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा व्याप असल्याने प्राध्यापकांचा व्यक्तिगत सल्ला पुरेसा ठरू शकत होता. पुढे संलग्न महाविद्यालये व विद्यार्थी यांची संख्या अनेक पटींनी वाढली. मार्गदर्शन मात्र शिक्षकाच्या सद्भावनेवरच अवलंबून राहिले. विषयांचे ठराविक गट आणि वार्षिक परीक्षा या पद्धतीत निवडीस फारसा वाव नव्हता. म्हणून ही उणीव ठळकपणे जाणवली नाही.

आयोगांची भूमिका :
कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन व समुपदेशन हे शिक्षणाचे अविभाज्य अंग मानले. उच्च शिक्षणात दर हजार विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, अशी शिफारस त्याने केली. पुढे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात मार्गदर्शक शिक्षक व विद्यार्थी यांचे गुणोत्तर मोजले जाऊ लागले. परंतु गुणोत्तर म्हणजे मार्गदर्शन नव्हे. नोंदवहीतील स्वाक्षरीने विद्यार्थ्याची अडचण सुटली की नाही, हे कळत नाही.

शहरातीलच एक पर्याय :
नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ पासूनचे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाशी ते जोडले गेले. अमेरिकेतील लँड ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या कृषी विद्यापीठांत सत्र व श्रेयांक पद्धतीबरोबरच सल्लागार शिक्षकाची प्रथा आली. विद्यार्थ्याची सत्रनोंदणी या शिक्षकाच्या संमतीने होते. येथे सल्ला हा उपकार नसून प्रवेशप्रक्रियेचाच एक टप्पा आहे.

आजची निकड :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य अभ्यासक्रम आणि तीन वा चार वर्षांची पदवी असे निर्णय आता विद्यार्थ्यास घ्यावे लागतात. शहरी सुशिक्षित कुटुंबातील विद्यार्थ्यास घरात सल्ला मिळतो. गडचिरोली वा गोंदियाच्या खेड्यातून नागपुरास आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थिनीस मात्र प्रवेश खिडकीवरील लिपिक हाच बहुधा एकमेव सल्लागार असतो. चुकलेल्या निवडीची किंमत तिला वर्षाच्या हानीने, प्रसंगी शिक्षण सोडून मोजावी लागते.

निष्कर्ष :
संलग्नता पद्धतीत शैक्षणिक सल्ला कोणाचेच निश्चित कर्तव्य नव्हते. निवड मर्यादित असेतोवर ते निभावले. निवडीचे स्वातंत्र्य देताना सल्ल्याची व्यवस्था न दिल्यास त्या स्वातंत्र्याचा लाभ आधीच जाणकार असलेल्यांनाच होईल. म्हणून विषयनोंदणीपूर्वी सल्लागार शिक्षकाची भेट अनिवार्य करणे, त्या वेळेची गणना शिक्षकाच्या कार्यभारात करणे आणि विषयबदलाची मुदत प्रवेशाच्या वेळीच मराठीतून कळविणे आवश्यक आहे.