दोरीच्या गाठी आणि २१८० साल

ऑगस्ट १६८०. न्यू मेक्सिकोच्या उन्हात धावपटू गावोगाव निघालेत. हातात गाठी मारलेली दोरी. रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की उठाव! प्युब्लो गावांची भाषाही एक नव्हती, तरी सगळ्यांचं घड्याळ एक झालं. मी दिवसभर सर्व्हरची घड्याळं जुळवत बसतो, म्हणून ही दोरी वाचून हरखलोच. दोन धावपटू पकडले गेले, तेव्हा गावं थांबली नाहीत. उठाव एक दिवस आधीच, १० ऑगस्टला झाला. पोपे या म्होरक्याच्या लोकांनी स्पॅनिशांना सांता फेमधून हुसकावलं. पुढची १२ वर्षं ते परतू शकले नाहीत.

ही गोष्ट आज मातीत सांगतोय व्हर्जिल ऑर्टिझ. जन्म १९६९, गाव कोचिटी प्युब्लो. आजी लॉरेन्सिता हेरेरा आणि आई सेफरिना, दोघीही मातीकामात नावाजलेल्या. या कामात चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, रानभाजी उकळून आटवलेला काळा रंग द्यायचा, उघड्यावर भाजायचं.

१८८०च्या सुमारास इथे रेल्वे आली. पाठोपाठ पर्यटक, व्यापारी, सर्कशी. ते 'इंडियन' बघायला आले होते. कोचिटीचे कलावंत त्यांनाच बघत होते. पाद्री, काऊबॉय, सर्कसवाले, सगळ्यांच्या मिश्कील मूर्ती त्यांनी घडवल्या. त्यांना 'मोनो' म्हणतात. पाहुण्यांनी स्वतःचीच नक्कल पैसे मोजून घरी नेली! त्यामुळे गावात त्या फारशा उरल्याच नाहीत. किशोरवयात ऑर्टिझने एका संग्रहात जुने मोनो पाहिले, तेव्हा ते थेट त्याच्याच मूर्तींसारखे निघाले.

पुढे त्याच्या मूर्तींवर गोंदण आलं, मुखवटे आले. २००३मध्ये त्याची नक्षी डोना कॅरनच्या कपड्यांवर गेली. आणि मग 'रिव्होल्ट १६८०/२१८०' ही मालिका आली. उठावाला ५०० वर्षं होतील त्या साली घडणारी विज्ञानकथा, ताहू ही अंध धनुर्धरांची नायिका, आणि माध्यम तीच आजीची माती. २०१५मध्ये डेन्व्हर आर्ट म्युझियमने त्याचं प्रदर्शन भरवलं.

हा इतिहास शाळेत शिकवत नाहीत, ही ऑर्टिझची खंत. पाठ्यपुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर त्याने गावातल्या मुलांना कळेल अशा सुपरहिरोंच्या रूपात तो पुढे पाठवलाय, दोरीसारखाच, हातोहात.