व्यावसायिक ओळख (व्यवसायशिक्षण)

व्यावसायिक ओळख म्हणजे एखाद्या व्यवसायाचा घटक म्हणून व्यक्तीला असलेली स्वतःविषयीची जाणीव आणि त्या व्यवसायातील इतरांकडून तिला मिळणारी मान्यता. ‘मी वेल्डिंग शिकतो’ येथपासून ‘मी वेल्डर आहे’ येथपर्यंतचे संक्रमण हा व्यवसायशिक्षणाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. हे संक्रमण मुख्यतः जाणत्या कारागिरांच्या सहवासात घडते. खुले ऑनलाइन समुदाय हे अशा सहवासाचे अलीकडचे रूप आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी ‘सिच्युएटेड लर्निंग’ (१९९१) या ग्रंथात शिकणे म्हणजे समुदायाच्या कामात क्रमाने सहभागी होत जाणे, अशी मांडणी केली. लायबेरियातील वाय व गोला शिंप्यांकडील उमेदवार प्रथम बटणे लावणे, कडा दुमडून शिवणे अशी अखेरची कामे करीत. त्यानंतर शिवण आणि सर्वांत शेवटी कापड कापणे शिकत. आरंभीच्या चुकीने कापड वाया जात नसे आणि तयार कपड्याचे स्वरूप उमेदवारास आधीच समजत असे. याउलट, अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये मांस गुंडाळण्याच्या कामावर नेमलेल्या काही उमेदवारांना अनुभवी खाटकांचे काम दिसतच नसे. त्यामुळे त्यांचे शिक्षण खुंटत असे.

वेंगर यांनी ‘कम्युनिटीज ऑफ प्रॅक्टिस’ (१९९८) या ग्रंथात परस्परसहभाग, संयुक्त कार्य आणि सामायिक साधनसंचय ही अशा समुदायाची तीन लक्षणे सांगितली, तसेच ओळखीची घडण शिकण्याच्या केंद्रस्थानी मानली.

ऑनलाइन समुदाय

ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या छायाप्रतयंत्र दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. हे तंत्रज्ञ नियमपुस्तिकेपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या अनुभवांतून अवघड दोष शोधत, असे त्यांना आढळले. पुढे कंपनीने ‘युरेका’ ही अंतर्गत प्रणाली उभारली. तीत तंत्रज्ञांनी सुचवलेले उपाय सहकाऱ्यांच्या तपासणीनंतर लेखकाच्या नावासह उपलब्ध होत.

खुल्या समुदायांत हीच प्रक्रिया संस्थेबाहेर घडते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त संगणकप्रणाली प्रकल्पात नवागताचे काम अनुभवी सदस्य तपासतो आणि त्याच्या वतीने समाविष्ट करतो. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर उपयुक्त उत्तरांना गुण मिळतात. वाचन, प्रश्न, लहान दुरुस्ती आणि मग इतरांना मार्गदर्शन असा क्रम येथे शक्य होतो. काम सार्वजनिक असल्याने विद्यार्थ्याची ओळख केवळ प्रमाणपत्रावर अवलंबून राहत नाही.

भारतातील संदर्भ

भारतात १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) चालतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये उमेदवारांना आस्थापनांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळतो. संस्था आणि कार्यस्थळ यांतील अंतर कमी करण्यासाठी ऑनलाइन समुदाय पूरक ठरू शकतात.

मर्यादा

कानशीने धातू घासताना हाताला जाणवणारा दाब किंवा यंत्राच्या आवाजातील फरक पडद्यावरून पुरेसा कळत नाही. विद्युतकाम व वेल्डिंग यांसारख्या व्यवसायांत न तपासलेला सल्ला धोकादायक ठरू शकतो. भाषेची अडचण, साधनांचा अभाव आणि जुन्या सदस्यांची तुसडी वागणूक यांमुळे नवागत बाहेरच राहण्याचीही शक्यता असते. त्यामुळे समुदाय केवळ खुला असणे पुरेसे नसते. जाणत्यांचे काम पाहण्याची आणि आपले काम तपासून घेण्याची संधीही आवश्यक असते.