पोस्टकार्डांवरचे जपान

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे येतात. साधे पोस्टकार्ड त्या पंक्तीत सहसा बसत नाही. परंतु जपानच्या औद्योगिक युगाचा चेहरा पाहायचा असेल, तर तेथील जुन्या सचित्र पोस्टकार्डांकडेच वळावे लागते.

जपान सरकारने पहिली पोस्टकार्डे १८७३ साली काढली. खासगी प्रकाशकांना चित्रे छापण्याची मुभा १९०० साली मिळाली आणि रशियाशी झालेल्या १९०४-०५ च्या युद्धकाळात ती जमवण्याचे वेडच लोकांना लागले. या कार्डांवर फुजी पर्वत आणि चेरीचा बहर आहेच. शिवाय पोलादाच्या भट्ट्या, रेल्वे स्थानके, टपालकचेऱ्या, शाळा आणि ओसाकाच्या गिरण्यांची धुराडीही आहेत. ज्या धुराची आज आपल्याला धास्ती वाटते, त्याचा त्या पिढीला अभिमान होता. 'धुराचे शहर' हे ओसाकाचे बिरुद होते. त्या गिरण्यांत भारतीय कापूसही जाई. १८९३ साली जमशेटजी टाटा व निप्पोन युसेन कायशा यांनी मिळून मुंबई-कोबे जहाजवाहतूक सुरू केली, ती मुख्यतः कापसासाठीच.

टोकियोतील असाकुसाचा बारा मजली मनोरा तर कार्ड छापणाऱ्यांचा विशेष लाडका. १८९० साली उभारलेल्या या मनोऱ्यात जपानमधील पहिली विजेची लिफ्ट होती. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात त्याचे वरचे मजले कोसळले. त्या भग्न मनोऱ्याचीही कार्डे निघाली.

पडलेला मनोरा कार्डांवर आला. गिरणीतल्या मुलींची कहाणी मात्र आली नाही. यंत्रांपुढे ओळीने उभ्या असलेल्या मुली चित्रांत दिसतात. ते चित्र खोटे नाही, अपुरे आहे. त्यांतील बहुतेक गरीब शेतकऱ्यांच्या लेकी. बापाने उचल घ्यायची आणि लेकीने गिरणीच्या वसतिगृहात राहून, बारा-बारा तासांच्या पाळ्या करून ती फेडायची, अशी रीत होती. क्षयाने ग्रासलेल्या कित्येकींना गावी परत धाडले जाई. कारखाना कायदा १९११ साली संमत झाला, पण अमलात आला १९१६ साली; स्त्रियांची रात्रपाळी बंद व्हायला १९२९ साल उजाडले.

म्हणून आम्हाला वाटते, अशी कार्डे कौतुकाने जरूर पाहावीत. मात्र यंत्रावरून नजर काढून ते चालवणाऱ्या हातांकडेही क्षणभर पाहावे. राष्ट्राच्या प्रगतीचा हिशेब त्या हातांना वगळून पुरा होत नाही.