सुगीची शिल्लक

तापीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या खान्देशाच्या आर्थिक इतिहासात कापूस, आगगाडी आणि सावकारी यांचे विवेचन विपुल आढळते. परंतु ज्या काटकसरीच्या बळावर येथील सामान्य कुटुंबाने सरकारी हप्ते भरले आणि अवर्षणाची वर्षे निभावून नेली, तिचा जमाखर्च स्वयंपाकघरात आणि धाब्याच्या घरांवर मांडला गेल्यामुळे तो कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

1818 मध्ये हा प्रांत कंपनी सरकारच्या अमलाखाली आल्यानंतर सारा रोख रकमेत वसूल करण्याची पद्धत दृढ होत गेली. सुगीत सर्वांचाच माल एकदम बाजारात आल्याने भाव पडत, आणि हप्त्याच्या निकडीने ज्याने अशा वेळी धान्य विकले त्याला तेच धान्य पावसाळ्यात सावकाराकडून सवाई-दिढीच्या बोलीने उचलावे लागे. म्हणूनच कडुनिंबाचा पाला घालून कणगीत राखलेली ज्वारी ही शेतकऱ्याची खरी ठेव होती. न काढलेल्या कर्जाचे व्याज हाच तिचा नफा.

याच न्यायाने उन्हाळ्याच्या प्रखर उन्हाचाही येथील गृहिणींनी विनियोग केला. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, शेवया आणि सांडगे असे वाळवण शेजारणींनी आळीपाळीने एकमेकींच्या घरी जाऊन घालावे, मजुरी कोणी कोणास देऊ नये, आणि भाजीपाला महाग वा दुर्मिळ होई तेव्हा त्यावर निर्वाह करावा, असा हा परिपाठ होता. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या सरपणास आणि जीर्ण लुगडी गोधडीस उपयोगी पडत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतगड्याचे, साल ठरे. त्याच्या मोबदल्यात धान्याचा वाटा असे, त्यामुळे महागाईची झळ त्याच्या चुलीपर्यंत काहीशी उशिरा पोहोचे.

1861 ते 1865 या काळातील अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला अपूर्व भाव आला, त्याच दशकात आगगाडीही येऊन पोहोचली, आणि खान्देशात रोख पैसा खेळू लागला. तो पुष्कळ अंशी चांदीच्या अलंकारांत गुंतला. अलंकार अडचणीच्या प्रसंगी गहाण पडत आणि मोडताना घडणावळ वाया जाई, हे खरे. तथापि जवळपास पतपेढी नसलेल्या गावात स्त्रीच्या अंगावरील चांदी हीच तिच्या स्वाधीन असलेली पुंजी होती. युद्ध संपताच भाव कोसळले, आणि 1899-1900 च्या भीषण दुष्काळात तर कणग्याही रित्या झाल्या. सलग नापिकीपुढे एकट्या घराची काटकसर अपुरी पडते, हा धडा त्या वर्षाने दिला.

पोस्टाची बचत बँक 1882 पासून होतीच. 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना मार्ग खुला केला. या संस्थांनी अनेकांची अल्प शिल्लक एकत्र आणली; परंतु शिल्लक टाकण्याची शिस्त त्यांना आयती लाभली, ती ज्वारी निवडणाऱ्या आणि वाळवण राखणाऱ्या हातांकडून. बचतीचा उपदेश आज आपण उत्पन्नाच्या आकड्यांपासून आरंभितो. स्वस्ताईच्या दिवसांत वर्षाची बेगमी करावी आणि शेजाऱ्याच्या श्रमाची परतफेड श्रमानेच करावी, हे खान्देशातील स्त्रियांचे अर्थशास्त्र त्या उपदेशात अग्रस्थानी असावयास हवे, कारण अल्प उत्पन्नाच्या घरालाही ते आचरता येते.