एक्स-रेचा प्रवास : एसटीतून उपग्रहापर्यंत

गटाचं पासबुक आपण किती जपतो! घरातला एक्स-रे मात्र कपाटामागे दुमडून पडलेला असतो. आज त्या काळ्या फोटोचा इतिहास सांगते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत विल्हेल्म रॉन्टगेन यांना हे किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नी ॲना बर्था यांच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही.

पुढे कित्येक वर्षं हा फोटो फिल्मवर निघायचा. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, वाळवायची, मग डॉक्टर ती उजेडासमोर धरून बघायचे. फिल्म एकच. मोठ्या डॉक्टरांना दाखवायची तर पिशवीत घालून एसटीनं धुळ्याला, जळगावला, नाहीतर थेट मुंबईला न्यायची. सातपुड्याच्या पाड्यावरच्या बाईची त्यात मजुरीही बुडायची.

संगणक आला, पण प्रत्येक कंपनीच्या मशीनची भाषा वेगळी. १९९३ साली ‘डायकॉम’ नावाची सामाईक पद्धत ठरली. फोटो आणि रुग्णाचं नाव, वय, तारीख एकाच फाइलमध्ये राहू लागलं. एका गावच्या मशीनचा फोटो दुसऱ्या गावचा डॉक्टर उघडू शकला.

आता हवा होता रस्ता. इस्रोनं २००१ पासून उपग्रहाद्वारे दवाखाने जोडायला सुरुवात केली. आपल्या राज्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी पहिल्या टप्प्यात जी जिल्हा रुग्णालयं जोडली, त्यांत आपल्या खानदेशातलं नंदुरबार होतं. धुळ्यातून १ जुलै १९९८ ला वेगळा झालेला हा नवा जिल्हा.

याचं मोल लकव्यात कळतं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय ठरत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेततं. स्कॅन वाचणारा डॉक्टर दूर असला, तरी फोटो त्याच्याकडे काही मिनिटांत जातो.

पण मैत्रिणींनो, दूरच्या डॉक्टरला आपण दिसत नाही. चिठ्ठीवर जे लिहिलं, तेवढंच त्याला कळतं. म्हणून नाव, वय, डावी की उजवी बाजू, दुखणं कधीपासून, आधीचं ऑपरेशन, सगळं नीट सांगा. पाळी चुकली असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा, लाजू नका. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा नसतो, त्यात बारीक खुणा हरवतात. मूळ फाइल मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची असतात.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातले जुने रिपोर्ट आणा. तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवू. पासबुकाशेजारी तिलाही जागा देऊ.